मुद्रांकित विटा व कौले

मुद्रांकित विटा व कौले : कच्च्या अवस्थेत पृष्ठावर अक्षरे, आकडे किंवा चिन्ह उमटवून नंतर भाजलेल्या विटा, कौले व तत्सम मृत्तिका-वस्तू. ठसा माती ओली असताना उमटतो आणि भाजणीत कायम होतो. भाजल्यानंतर तो बदलता येत नाही, म्हणून वस्तूच्या उगमाचा तो विश्वसनीय पुरावा ठरतो. उत्पादकाचे नाव, गाव, मालाची प्रत, क्वचित वर्ष अशी माहिती त्यात असते. जुन्या इमारती पाडल्या जात असताना अशा विटा व कौले गोळा करून त्यांची ओळख पटविण्याचा छंद अनेक देशांत रूढ झाला आहे. ब्रिटनमध्ये विटांच्या इतिहासाला वाहिलेली ‘ब्रिटिश ब्रिक सोसायटी’ ही संस्था १९७२ मध्ये स्थापन झाली. या छंदाला अभ्यासाचे मोल केव्हा येते व केव्हा येत नाही, हे मुख्यतः वस्तू जेथे सापडली त्या स्थळाच्या नोंदीवर अवलंबून असते.

ठसा उमटविण्याची रीत : हाताने पाडलेल्या विटेच्या एका सपाट पृष्ठावर खळगा ठेवतात. साच्याच्या तळाशी लाकडी वा धातूचा उंचवटा बसविलेला असतो आणि त्यावर अक्षरे उलटी कोरलेली असतात. त्यामुळे विटेवर ती सुलटी उमटतात. कोरणाऱ्याच्या हातून चूक झाल्यास एखादे अक्षर विटेवर उलटे दिसते, आणि अशी चूक एका विशिष्ट साच्याची खूण म्हणून उपयोगी पडते. खळग्यात चुना वा सिमेंटचा मसाला भरला जाऊन वीट घट्ट बसते. म्हणजे खळगा मुळात बांधकामाच्या सोयीचा आहे, ठसा त्याला लाभलेली जोड होय. भारतीय मानक १०७७ नुसार ७० किंवा ९० मिमी. उंचीच्या हाताने पाडलेल्या विटेस १० ते २० मिमी. खोल खळगा असावा व विटेवर उत्पादकाची ओळखखूण किंवा आद्याक्षरे असावीत, अशी अपेक्षा आहे. वीटभट्टीवाल्यांची दोनतीन आद्याक्षरे आजच्या विटांवरही दिसतात, ती याच प्रथेला धरून. यंत्राने दाबून काढलेल्या विटांवर व कौलांवर मात्र लोखंडी साच्यामुळे अक्षरे रेखीव व सर्वत्र सारखी येतात. हातसाच्याची व यंत्रसाच्याची वस्तू ओळखण्याचे हे पहिले साधन होय.

ऐतिहासिक आढावा : विटेवर नाव उमटविण्याची प्रथा फार प्राचीन आहे. अकेडियन राजा नराम-सिन याच्या नावाच्या ठशाच्या विटा मेसोपोटेमियात सापडल्या असून बॅबिलनच्या दुसऱ्या नेबुकॅड्नेझरच्या (कार. इ. स. पू. ६०५–५६२) अशा विटा अनेक संग्रहालयांत आहेत. रोममध्ये विटांवर मालकाचे वा कारखान्याचे नाव आणि काही काळ त्या वर्षीच्या कॉन्सलांची नावे उमटवीत, इ. स. १२३ या वर्षाच्या विटा विशेष मोठ्या संख्येने मिळतात. भारतात डेहराडूनजवळील जगतग्राम येथे राजा शीलवर्मा याच्या अश्वमेधाचा उल्लेख असलेल्या लेखयुक्त विटा मिळाल्या असून त्या इ. स. तिसऱ्या शतकाच्या मानतात. या सर्व उदाहरणांत ठसा सत्तेचा, दानाचा वा धर्मकृत्याचा निदर्शक आहे. मालाची जाहिरात व जबाबदारी म्हणून सर्रास नाव उमटविण्याची पद्धत औद्योगिक युगात आली.

या बदलात करव्यवस्थेचाही हात होता. ब्रिटनमध्ये १७८४ ते १८५० या काळात विटांवर कर होता. शेतातील पाण्याच्या निचऱ्यासाठी लागणाऱ्या विटा व कौलांना १८२६ मध्ये करमाफी मिळाली, ती त्यांवर ‘ड्रेन’ हा शब्द उमटविण्याच्या अटीवर. असा ठसा असलेल्या वस्तूचा काळ त्यामुळे सु. पाव शतकाच्या मर्यादेत आणता येतो. एका साध्या शब्दावरून एवढा निश्चित निष्कर्ष निघण्याची उदाहरणे मात्र थोडी आहेत.

स्कॉटलंडच्या तापसह विटा : संग्राहकांत स्कॉटिश विटांना विशेष स्थान आहे. लॅनर्कशर व स्टर्लिंगशर भागांतील कोळशाच्या थरांबरोबर उत्तम तापसह माती मिळते. माती, ती भाजण्यास लागणारा कोळसा आणि माल पाठविण्यास ग्लासगो व ग्रेंजमथ ही बंदरे एकमेकांजवळ असल्याने तेथे हा उद्योग वाढला. बाष्पित्रे, लोखंडाच्या झोतभट्ट्या, वायुनिर्मितीची पात्रे यांच्या अस्तरासाठी या विटा जगभर जात. गार्नकर्क, ग्लेनबॉइग, कॅसलकॅरी, स्टाइन ही त्यांवरील काही परिचित नावे होत. ‘ग्लेनबॉइग युनियन फायरक्ले कंपनी’ १८८२ मध्ये आणि जॉन जी. स्टाइन यांचा बॉनीब्रिज येथील उद्योग १८८७ मध्ये सुरू झाला. ‘स्टाइन’ अशी मुद्रा असलेली वीट १८८७ पूर्वीची असू शकत नाही, एवढे यावरून खात्रीने सांगता येते. ती नेमकी केव्हाची हे सांगता येत नाही. तापसह वीट फिकट पिवळी वा बदामी रंगाची, वजनाला जड आणि सामान्यतः ९ × ४१/२ × ३ किंवा २१/२ इंच (सु. २२८ × ११४ × ७६ किंवा ६४ मिमी.) मापाची असते. वापरलेल्या विटेचे आगीकडील पृष्ठ राखेशी विक्रिया होऊन काचेसारखे झालेले असते.

भारतात पुढे हाच माल तयार होऊ लागला. बंगालमधील राणीगंज येथे व नंतर मध्य प्रांतातील जबलपूर येथे बर्न आणि कंपनीचे कारखाने होते. जबलपूरलाच ‘परफेक्ट पॉटरी कंपनी’ होती. सध्याच्या झारखंडातील कुमारधुबी येथेही तापसह विटांचा मोठा कारखाना निघाला. विटांखेरीज मीठ-झिलईचे सांडपाण्याचे नळही असे कारखाने करीत व त्यांवरही ठसे असत.

केबल-आच्छादने : जमिनीखालून नेलेल्या विद्युत् केबलीवर वाळूचा थर देऊन त्यावर विटा वा खास बनविलेली भाजलेल्या मातीची आच्छादने मांडतात. त्यांचा हेतू दुहेरी असतो : कुदळीचा घाव थेट केबलीवर पडू नये आणि खोदणाऱ्यास खाली काय आहे याची आगाऊ सूचना मिळावी. म्हणून ब्रिटनमधील आच्छादनांवर ‘विद्युत्’, ‘धोका’ या अर्थाच्या शब्दांबरोबर वीजपुरवठा करणाऱ्या नगरपालिकेचे किंवा कंपनीचे नावही असे. इतर विटांवर नाव असते ते बनविणाऱ्याचे. येथे मात्र ते बहुधा वापरणाऱ्याचे असते, हा फरक ध्यानी ठेवावा लागतो. ब्रिटनमध्ये वीजपुरवठ्याचे १९४८ मध्ये राष्ट्रीयीकरण झाल्यावर नगरपालिकांची नावे जाऊन प्रादेशिक मंडळांची नावे आली. त्यामुळे ही आच्छादने कालक्रमाने लावणे तुलनेने सोपे जाते. पुढे काँक्रीटच्या फरश्या व नंतर रंगीत प्लॅस्टिकच्या पट्ट्या यांनी त्यांची जागा घेतली.

भारतात या कामासाठी साध्या विटांचीच ओळ अधिक वापरली गेली. कमी दाबाची केबल सु. ७५ सेंमी. खोल चरात, खाली व वर सु. ७५ मिमी. वाळू घालून ठेवतात व वरून विटा मांडतात. लहान शहरांत व खेड्यांत वीज मुख्यतः खांबांवरील तारांनी नेली जात असल्याने खास आच्छादने तेथे क्वचित मिळणार हे उघड आहे. महाराष्ट्रात जुन्या विद्युत् कंपन्यांच्या शहरांत, विशेषतः मुंबईत, त्यांचा शोध घेणे अधिक फलदायी ठरावे. तेथील ‘बाँबे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी’ १९०५ मध्ये स्थापन झाली होती.

मंगलोरी कौले : महाराष्ट्रातील सामान्य वाचकास या विषयाचा सर्वांत जवळचा नमुना आपल्या डोक्यावरच मिळतो, तो म्हणजे मंगलोरी कौलांचा. एकमेकांत अडकणाऱ्या सपाट कौलाची मूळ रचना अल्सेसमधील आल्टकिर्खच्या गिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये सिद्ध केली. बाझेल मिशनचे गेओर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळूरच्या जेप्पू भागात, नेत्रावती नदीच्या काठी, भारतातील अशा कौलांचा पहिला कारखाना काढला. नदीकाठची चिकण माती, सरपण आणि समुद्रमार्गे वाहतूक या तिन्ही गोष्टी तेथे अनुकूल होत्या. १८६८ मध्ये अल्बुकर्क यांचा कारखाना निघाला आणि नंतर अनेक देशी कारखाने उभे राहिले. कुंभाराच्या नळीच्या कौलांपेक्षा ही कौले कमी संख्येने लागत, दरवर्षी चाळावी लागत नसत व माकडांच्या धावपळीने सहज विसकटत नसत. त्यामुळे शाळा, कचेऱ्या, रेल्वेच्या इमारती व गोदामे यांवर ती सर्वत्र आली.

मंगलोरी कौलावरील नाव खालच्या पृष्ठावर असते. छताखाली तक्तपोशी नसेल, तर घरात उभे राहून, विजेरीचा प्रकाश तिरपा टाकून ते वाचता येते; कौल उतरविण्याची गरज नसते. नावाखेरीज गावाचे नाव, कारखान्याचे बोधचिन्ह व बरेचदा एक वर्षही दिसते. येथेच नवख्यांची सर्वांत मोठी फसगत होते. बाझेल मिशनच्या कौलावरील ‘१८६५’ किंवा अल्बुकर्क यांच्या कौलावरील ‘१८६८’ हे कारखान्याच्या स्थापनेचे वर्ष आहे, कौल पाडल्याचे नव्हे. तोच आकडा पुढे कित्येक वर्षे साच्यात राहिला. त्या आकड्यावरून एखाद्या घराचे वय सांगणे म्हणजे दुकानाच्या पाटीवरील स्थापनावर्षावरून आतील कापडाचे वय सांगण्यासारखे आहे. याउलट नावातील बदल खरी कालमर्यादा देतो. पहिल्या महायुद्धात बाझेल मिशनचे उद्योग सरकारने ताब्यात घेतले व नंतर ते ‘कॉमनवेल्थ ट्रस्ट’ या कंपनीकडे गेले. म्हणून ‘कॉमनवेल्थ’ हे नाव असलेले कौल महायुद्धोत्तर काळातलेच असले पाहिजे.

यवतमाळ जिल्ह्यातील स्थिती : या जिल्ह्याची बहुतेक जमीन बेसाल्ट खडकापासून झालेल्या काळ्या कापसाच्या मातीची आहे. ही माती भिजल्यावर फुगते व वाळताना भेगाळते, म्हणून विटेला ती एकटी चालत नाही. विटांसाठी नदीनाल्यांच्या काठची गाळाची माती घ्यावी लागते किंवा मातीत राख, रेती इ. मिसळावी लागते. सागवानाची विपुलता असल्याने जुन्या घरांचा सांगाडा लाकडाचा, भिंती मातीच्या व छप्पर नळीच्या कौलांचे असे. ही कौले गावचा कुंभारच करी. त्याला आपले नाव उमटविण्याचे कारण नव्हते, कारण गिऱ्हाईक व कारागीर एकमेकांना ओळखत. माल दूरच्या अनोळखी गिऱ्हाइकाकडे जाऊ लागतो तेव्हाच त्यावर नाव येते. जिल्ह्यात मुद्रांकित वस्तूंचा शोध घेणे हे एका अर्थी बाहेरच्या बाजारपेठेशी त्याचा संबंध केव्हा व कोणत्या वाटेने आला याचा शोध घेणे होय.

तो संबंध कापसाने आणला. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) वऱ्हाडच्या कापसाला मोठी मागणी आली, आणि १८६७ मध्ये लोहमार्ग बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत पोहोचला. यवतमाळला जवळचे मोठ्या लोहमार्गावरील स्थानक धामणगाव हे होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी किलिक, निक्सन आणि कंपनीने मूर्तिजापूर–यवतमाळ हा ७६२ मिमी. रुंदीचा, सु. ११३ किमी. लांबीचा अरुंदमापी लोहमार्ग घातला. ‘शकुंतला’ या लोकप्रिय नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मार्गावर मँचेस्टर येथे १९२१ मध्ये बांधलेले बाष्प-एंजिन १९९४ पर्यंत धावत होते. या मार्गावरील सेवा आता बंद आहे. यवतमाळ, वणी, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, पांढरकवडा या कापूसपेठांत सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने निघाले. बाष्पशक्तीवर चालणाऱ्या अशा कारखान्यात बाष्पित्र विटांच्या बांधीव कोष्ठात बसविलेले असे, आणि आगीच्या जागी तापसह विटांचे अस्तर असे. वणी तालुक्यातील राजूर परिसरात चुनखडी व कोळसा दोन्ही मिळतात. तेथील चुनाभट्ट्यांनाही तापसह अस्तर लागते. जुने बाष्पित्रकोष्ठ, धुराडी, चुनाभट्ट्या, रेल्वेच्या इमारती व सरकारी कचेऱ्या ही या जिल्ह्यात पाहणीसाठी प्रथम निवडावयाची स्थळे होत. तेथील विटा स्कॉटलंडहून मुंबईमार्गे आल्या की राणीगंज-जबलपूरहून, हे ठशावरून ठरू शकते. कागदपत्रे नष्ट झालेल्या कारखान्यांच्या बाबतीत तर हाच एक पुरावा उरण्याचा संभव असतो.

स्थलनामांची रूपे व प्रशासकीय नावे यांचाही उपयोग होतो. हा जिल्हा पूर्वी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. इंग्रजी लेखनात ते दीर्घकाळ ‘येवतमाळ’ असे वाचले जाईल अशा वर्णरचनेने लिहीत. हा प्रदेश १९५० पर्यंत मध्य प्रांत व वऱ्हाडात, १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. विदर्भातील गावाच्या नावापुढे ‘सी. पी.’ असेल तर ती वस्तू साधारणतः १९५० पूर्वीची आणि ‘एम. पी.’ असेल तर १९५०–५६ या काळातील मानता येते. जबलपूरला दुसरा नियम लागू पडत नाही, कारण ते शहर आजही मध्य प्रदेशातच आहे.

ओळख पटविण्याची पद्धत : प्रथम लांबी, रुंदी व जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. सातवाहन-वाकाटक काळातील विटा बऱ्याच मोठ्या, ४० सेंमी.च्या आसपास लांबीच्या व तुलनेने पातळ असतात. ब्रिटिश काळातील विटा ९ इंची मापाच्या आसपास असतात. १९० × ९० × ९० मिमी. ही वीट दशमान पद्धती आल्यानंतरची, म्हणजे १९५० नंतरच्या दशकांतील समजावी. त्यानंतर रंग, वजन, कण, खळग्याचा आकार, अक्षरांचे वळण, ती उठावाची आहेत की खोलगट, हे पाहतात. पुसट ठसा दिव्याच्या तिरप्या प्रकाशात स्पष्ट होतो. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासल्यास त्याची प्रतिकृती मिळते. अर्धवट अक्षरे कल्पनेने पूर्ण करू नयेत. जेवढी दिसतात तेवढीच नोंदवून गाळलेल्या जागी टिंबे द्यावीत.

शेवटी, वस्तूचे वय आणि बांधकामाचे वय यांत भेद करावा लागतो. लोहमार्गाच्या रुळावर कारखान्याच्या नावाबरोबर तो केव्हा घडविला ते वर्ष बहुधा उठावाने दिलेले असते. विटेवर ते क्वचितच असते. शिवाय विटा व कौले पुन्हापुन्हा वापरली जातात. पाडलेल्या कारखान्याची वीट गोठ्याच्या भिंतीत आणि कचेरीचे कौल पडवीवर जाते. ठशावरून बांधकामाची फक्त पूर्वमर्यादा मिळते : ते त्या ठशापूर्वीचे नाही. एकाच भिंतीतील अनेक विटा एकाच ठशाच्या असतील, मसाला मूळचा चुन्याचा असेल आणि भिंतीत दुरुस्तीचा सांधा दिसत नसेल, तर निष्कर्ष बळावतो. एकट्या, सुट्या विटेवरून तो काढू नये.

संग्रह व जतन : विटेचे अर्धे मोल ठशात असते व अर्धे ती जेथे होती त्या जागेत. जागा नोंदविली नाही, तर दूरच्या कारखान्याची वीट येथे कशासाठी आली हा प्रश्नच विचारता येत नाही, आणि उरते ती केवळ एक जड वस्तू. म्हणून उभ्या इमारतीतून वीट वा कौल काढणे हे संग्रहाच्या हेतूलाच बाधक आहे. तेथे छायाचित्र, मोजमाप व घासून घेतलेली प्रतिकृती पुरते. पाडकाम चालू असल्यास मालकाच्या संमतीने प्रत्येक ठशाचे एकदोन नमुने घ्यावेत व त्याच दिवशी गाव, इमारत, भिंत वा कोष्ठ, जमिनीपासूनची उंची, मसाला आणि तारीख यांची नोंद करावी. नोंदीचा क्रमांक विटेच्या बिनठशाच्या पृष्ठावर लिहावा, चिठ्ठ्या सुटतात. माती मऊ ब्रशाने कोरडीच झाडावी. अम्लाने धुतल्यास पृष्ठ व ठसा दोन्ही खराब होतात. लोणा आलेली वीट साध्या पाण्यात, पाणी वरचेवर बदलत, भिजत ठेवून सावलीत वाळवावी. जुन्या बाष्पित्रांच्या उष्णतारोधक आवरणात ॲस्बेस्टस असण्याचा संभव असल्याने ते आवरण हाताळू नये.

‘पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२’ अन्वये १०० वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते व खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाही. संरक्षित स्मारकांच्या व प्राचीन टेकाडांच्या जागेतून वीट उचलणे १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक अधिनियमाच्या विरुद्ध जाऊ शकते. सातवाहनकालीन मोठी वीट आढळल्यास ती जागीच ठेवून पुरातत्त्व खात्यास कळविणे योग्य होय.

कारखाने बंद पडतात, त्यांचे दप्तर रद्दीत जाते, इमारतीचे लोखंड व लाकूड विकले जाते. विटांचा मात्र भराव होतो. यवतमाळसारख्या जिल्ह्यात कापसाच्या उद्योगाची पहिली पिढी अशाच भरावाखाली जाण्याचा धोका आहे. एखाद्या शाळेने वा महाविद्यालयाने आपल्या तालुक्यातील जुन्या कारखान्यांच्या व कचेऱ्यांच्या ठशांची स्थळवार सूची केली, तर त्यास फारसा खर्च येणार नाही. मात्र ही सूची पाडकामापूर्वीच व्हावयास हवी. भिंत पडल्यानंतर वीट मिळते, तिचे स्थान मिळत नाही.